रोखलेल्या लग्नानंतरचे सात महिने : सांगलीच्या पूर्व भागातील एका प्रकरणाचा अभ्यास

२०२४ च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी सांगली जिल्ह्याच्या पूर्व दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न थांबवण्यात आलं. ग्रामसेवक, पोलीस आणि बाल संरक्षण कक्षाचे कर्मचारी वेळेत पोहोचले. पंचनामा झाला, आईवडिलांकडून हमीपत्र लिहून घेतलं, मांडव उतरला. त्या तिमाहीच्या अहवालात 'रोखलेले बालविवाह' या रकान्यात एकाची भर पडली. पुढच्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात त्याच मुलीचं, त्याच मुलाशी, सीमेपलीकडे कर्नाटकात लग्न लागलं. या दुसऱ्या लग्नाची नोंद कुठल्याही अहवालात नाही.

मुलांच्या संरक्षणासाठी सरकारने दिलेल्या वचनांचं पुढे काय होतं, हे तपासण्याचं काम आम्ही काही जण या भागात करतो. ते करताना समित्या किती, बैठका किती, प्रशिक्षणं किती, असे आकडे भरपूर मिळतात. एका मुलीला कायद्याने जे मिळायला हवं होतं ते तिला मिळालं का, कोणत्या तारखेला मिळालं, याचं उत्तर मात्र त्या आकड्यांत सापडत नाही. म्हणून या प्रकरणात आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी मुलगी घेतली आणि तिच्यापासून वर चढत गेलो.

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. म्हणून गाव, तालुका, शाळा, कारखाना यांपैकी कशाचंही नाव इथे नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पुढे ज्या उणिवा येतात त्या कुणा एका माणसाच्या किंवा कार्यालयाच्या माथी मारण्यासाठी लिहिलेल्या नाहीत. ज्यांच्याशी बोललो त्यांतले बहुतेक जण कामाच्या ओझ्याखाली होते आणि तरीही मनापासून काम करत होते.

मुहूर्त नसताना ठरलेलं लग्न

या पट्ट्यात पाऊस कमी. म्हैसाळ योजनेचं पाणी पोहोचलेल्या गावांचं चित्र हळूहळू बदलतंय, पण कोरडवाहू गावांतली शेकडो कुटुंबं अजून दिवाळीनंतर कृष्णा-वारणा काठच्या कारखान्यांकडे किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात. तोडीत मजूर मोजतात ते कोयत्यावर. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. त्यामुळे घरातल्या मुलाचं लग्न हंगामाआधी झालं तर टोळीत एक पूर्ण कोयता वाढतो आणि घरात उचलीची रक्कम येते. मुलीच्या घरचं कारण वेगळं असतं. आईबाप पाच-सहा महिने बाहेर, घरात म्हातारी आजी, आणि वयात आलेली पोर. तिला बरोबर न्यावं तर कोप्यांना, म्हणजे तोडीच्या तळावरच्या खोपटांना, ना दार ना कडी. मागे ठेवावं तर जिवाला घोर.

या मुलीच्या आईने आम्हाला सांगितलं, "ताई, पोरगी शाळेत हुशार हाय हे मला ठावं न्हाई व्हय? पर तिला कुनाच्या जिवावर ठिवू? सासूला दिसत न्हाई. गेल्या साली शेजारच्या गावात काय झालं ते तुमी बी ऐकलं आसंल."

मुलगा आत्याचा, वय बावीस, सीमेपलीकडच्या विजयपूर जिल्ह्यातला. सोयरीक जुन्या नात्यातली. या भागात भाषेची आणि जिल्ह्याची सीमा लग्नाच्या आड येत नाही, अनेक घरांत मराठी-कन्नड दोन्ही बोलली जाते. लग्न धरलं होतं दसऱ्याला. आषाढी ते कार्तिकी एकादशी या चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, तुळशीच्या लग्नानंतर ते सुरू होतात. तोवर टोळ्या निघून गेलेल्या असतात. दसरा साडेतीन मुहूर्तांतला, पंचांग बघावं लागत नाही. म्हणून तोडीला जाणाऱ्या घरांत घाईचं लग्न दसऱ्याला किंवा त्याच्या आगेमागे धरलं जातं. आश्विनात एखाद्या घरासमोर मांडव पडला तर गावच्या बाल संरक्षण समितीने तिथे जाऊन निदान मुलीचं वय विचारायला हवं. इतकी साधी गोष्ट आहे ही, पण ती कुठल्याही परिपत्रकात नाही. ती गावातल्या माणसालाच कळते, आणि म्हणून तर गावपातळीवर समिती असावी असं ठरलं.

मुलीच्या वर्गमैत्रिणीने शाळेतल्या बाईंना सांगितलं. बाईंनी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली, आणि २०२३ पासून टप्प्याटप्प्याने संस्थांकडून सरकारकडे येऊन ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. या प्रकरणात ती चोख चालली. फोन दहा ऑक्टोबरच्या दुपारी गेला आणि अकराच्या सकाळी पथक दारात होतं. घरच्यांनी आधार कार्ड पुढे केलं, त्यावर मुलगी अठरा पूर्ण होती. मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टरचा उतारा दिला, त्यात सोळा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ नुसार वय ठरवताना शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला आधी, तो नसेल तर जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. या क्रमात आधार कार्ड नाही. ग्रामसेवकांना हे पक्कं माहीत होतं, म्हणून वाद तिथेच मिटला. त्या दिवशी त्या दारात उभं राहून गावकीच्या दबावाला न बधणाऱ्या त्या ग्रामसेवकांचं मनापासून कौतुक करायला हवं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना त्याच गावात राहून काम करायचं होतं.

कायद्याच्या तारखा आणि मुलीच्या तारखा

पथकाची गाडी गेल्यानंतर काय झालं, हे कळायला आम्हाला फार वेळ लागला. अशा मुलांबाबत आदेश देणाऱ्या, जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीची फाईल गोपनीय असते आणि तशीच असायला हवी. पण आदेशाच्या प्रती पालकांना मिळतात. आईने त्या ट्रंकेत नीट घडी करून ठेवल्या होत्या आणि स्वतःहून आमच्या हातात दिल्या. शाळेच्या नोंदी मुख्याध्यापकांनी दाखवल्या. ग्राम बाल संरक्षण समितीची इतिवृत्तं, मुलांची नावं झाकून द्यावीत असं स्पष्ट लिहून, माहिती अधिकारात मागितली. या सगळ्यांतून आम्ही एक साधा तक्ता केला. एका बाजूला कायद्याने ठरवलेली मुदत, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्षातली तारीख.

लग्नाचं वय होण्याआधी लग्न होण्याचा धोका ज्याला आहे ते मूल बाल न्याय अधिनियमाच्या कलम २ मधल्या व्याख्येनुसार 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल' ठरतं. अशा मुलाला बाल कल्याण समितीपुढे नेताना प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांची मर्यादा आहे, आणि समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही नेता येतं. ही मुलगी समितीपुढे गेली ती सहाव्या दिवशी. गाव जिल्ह्याच्या टोकाला, सांगली शंभर किलोमीटरांच्या पुढे, एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडतो. मधल्या पाच दिवसांत ती त्याच घरात, त्याच नातेवाइकांत होती. त्या दिवसांत तिच्याशी एकटीशी कुणीही बोललं नाही. मला या प्रकरणातली सगळ्यांत गंभीर गोष्ट हीच वाटते. लग्न मोडल्याचा राग घरात कुणावर निघतो, हे सांगायला नको.

समितीने आदेश चांगला दिला होता. मुलगी पालकांच्या ताब्यात, तिने शाळा सोडायची नाही, घरी जाऊन परिस्थिती पाहून सामाजिक तपासणी अहवाल सादर करावा, गावपातळीवर पाठपुरावा व्हावा. कलम ३६ नुसार हा अहवाल पंधरा दिवसांत आणि पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश अशी मुदत आहे. म्हणजे ऑक्टोबरअखेरीच्या सुमारास अहवाल यायला हवा होता. पण पंधरा ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, वीस नोव्हेंबरला मतदान. गावातली जवळजवळ सगळी यंत्रणा निवडणुकीच्या कामाला लागली, आणि ज्यांनी गृहभेट द्यायची त्यांच्याकडे अनेक गावं होती. भाऊबीज झाली आणि कुटुंब ट्रॅक्टरमधून कारखान्याच्या वाटेला लागलं. मुलगीही बरोबर गेली. अहवाल नोव्हेंबरच्या अखेरीस लिहिला गेला तेव्हा घराला कुलूप होतं. त्यात शेजाऱ्यांशी झालेलं बोलणं आहे आणि शेवटी 'कुटुंब स्थलांतरित' अशी नोंद आहे. मुलीच्या तोंडचं एकही वाक्य नाही. अंतिम आदेश मार्चमध्ये झाला, तोही ती समोर नसताना.

मुलगी दहावीत होती. परीक्षेचा फॉर्म शाळेने भरला होता. फेब्रुवारीत परीक्षा सुरू झाली तेव्हा तिचं हॉल तिकीट मुख्याध्यापकांच्या कपाटात होतं आणि ती कृष्णाकाठच्या एका फडात मोळ्या बांधत होती.

इथे कायद्यांमधली एक फट उघडी पडते. तिच्या धाकट्या भावाला, सातवीतल्या, शाळेने शिक्षण हमी कार्ड दिलं होतं. स्थलांतरित मुलाला जिथे जाईल तिथल्या शाळेत दाखल करून घ्यावं म्हणून हे कार्ड असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ नुसार स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. पण तो कायदा सहा ते चौदा वयासाठी. मुलगी सोळाची. बालकामगार कायद्यातही २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा या वयात धोकादायक कामांनाच बंदी आहे. बालविवाह कायदा आणि बाल न्याय कायदा तिला अठरापर्यंत मूल मानतात. म्हणजे सोळाव्या वर्षी राज्याने तिला 'लग्न करू नकोस' म्हणून सांगितलं, पण शाळेची हमी तिच्या बाबतीत दोन वर्षांपूर्वीच संपलेली होती. तिने त्या दोन वर्षांत करायचं काय, हे कुणीच सांगितलं नव्हतं. ज्या घरात मुलीपुढे शाळा नसते त्या घरात लग्न हाच पर्याय उरतो, हे आईच्या बोलण्यातून पुन्हा पुन्हा येत होतं. वसतिगृहाचं कुणी विचारलं होतं का? आई म्हणाली, साहेबांनी सांगितलं होतं, पण प्रवेश जूनमध्ये होतात म्हणे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतून महिन्याला चार हजार रुपयांचं प्रायोजकत्व मिळू शकतं आणि त्यात बालविवाहाची झळ बसलेल्या मुलांचाही विचार होतो. तो अर्ज या घरापर्यंत पोहोचलाच नाही.

हमीपत्राचं बळ किती

पथकाने घेतलेलं हमीपत्र शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर आहे. 'मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत तिचे लग्न करणार नाही, केल्यास कायदेशीर कारवाईस पात्र राहू.' खाली अंगठा, सही, साक्षीदार. गावोगाव अशी हमीपत्रं घेतली जातात, आणि पथकाला तो दिवस निभावायला ती उपयोगी पडतात हे मी नाकारत नाही. पण बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ च्या कलम १३ मध्ये यापेक्षा कितीतरी जोरकस उपाय आहे. बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्याच्या अर्जावरून, किंवा कुणाही माणसाने दिलेल्या माहितीवरून, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी लग्नाला मनाई करणारा आदेश देऊ शकतात. हा आदेश मोडून लग्न लावलं तर कलम १४ नुसार ते लग्न मुळातच रद्दबातल. मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. स्त्रियांना मात्र कैदेची शिक्षा नाही.

महाराष्ट्रात मनाई हुकूम नसताना झालेला बालविवाह सहसा रद्द 'करता येण्याजोगा' असतो. लग्नाच्या वेळी जी व्यक्ती अल्पवयीन होती तिने सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा न्यायालयात अर्ज केला तर ते रद्द होतं, नाहीतर चालू राहतं. कर्नाटकाने २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून बालविवाह सरसकट अवैध ठरवला. म्हणजे या मुलीचं लग्न दसऱ्याला गावात लागलं असतं तर ते कायद्याने टिकलं असतं. तेच लग्न मे महिन्याच्या तोंडावर पलीकडे लागल्यामुळे ते सुरुवातीपासूनच रद्दबातल ठरतं. ही गोष्ट तिच्या घरात कुणालाही माहीत नव्हती, आणि सीमेलगतच्या कामात असलेल्या फारच थोड्यांना माहीत होती.

मनाई हुकूम का मागितला नाही, हे आम्ही जिथे जिथे विचारलं तिथे उत्तर जवळपास एकच होतं : 'लग्न तर थांबलं होतं.' न्यायालयात अर्ज करायचा म्हणजे वकील, तारीख, साक्षीदार. ग्रामसेवकाला, आताच्या पदनामाने ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, घरपट्टी वसुलीपासून घरकुलांपर्यंत सगळं बघायचं असतं. बालविवाह प्रतिबंध अधिकारी ही त्याच्या अंगावरची आणखी एक जबाबदारी. लग्न थांबवल्यानंतर एकाच आठवड्यात, अठरा ऑक्टोबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाने बालविवाहांबाबतच्या जनहित याचिकेवर निकाल दिला. त्यात जिल्हा पातळीवर फक्त हेच काम पाहणारे बालविवाह प्रतिबंध अधिकारी नेमावेत आणि त्यांचे तिमाही अहवाल संकेतस्थळावर टाकावेत असं राज्यांना सांगितलं. सत्तावीस नोव्हेंबरला केंद्राने 'बालविवाहमुक्त भारत' मोहीम सुरू केली. दिल्लीत ही मोहीम सुरू होत होती तेव्हा ही मुलगी फडावर होती. अंमलबजावणीची देखरेख करणाऱ्याला या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवूनच बघाव्या लागतात.

इतिवृत्तात काय होतं

माहिती अधिकारात गावच्या समितीच्या चार तिमाहींची इतिवृत्तं मिळाली. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव, पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशा, सगळ्यांच्या सह्या आहेत. चारही बैठकांत एक वाक्य जसंच्या तसं आहे : 'गावात बालविवाह होऊ नये याबाबत सविस्तर चर्चा करण्यात आली.' ज्या तिमाहीत गावात पोलिसांची गाडी येऊन लग्न थांबलं, त्या तिमाहीतही तेच. मुलीचा नावाने नाही, पण निदान 'एक प्रकरण' म्हणून उल्लेख असावा ना? तोही नाही. बाल कल्याण समितीच्या आदेशात पाठपुराव्याची जी जबाबदारी गावावर टाकली होती, ती गावच्या समितीपर्यंत लेखी पोहोचलीच नव्हती.

आणि तरीही माहिती गावातच होती. अंगणवाडी सेविकेच्या सर्वेक्षणाच्या वहीत किशोरी मुलींची यादी होती, तिच्यात या मुलीचं नाव, खरं वय, 'शाळेत जाते' अशी खूण. नोव्हेंबरात त्याच ओळीपुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'तोडीला गेली.' आशाताईंना मार्चमध्ये माहीत होतं की घरात पुन्हा लग्नाची बोलणी चालू आहेत. त्यांनी कुणाला सांगितलं का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सांगायचं कुणाला? मागच्या वेळी गाडी आली, पोरीच्या बापाची गावात नाचक्की झाली, आणि गाडी निघून गेली. नंतर कुणी फिरकलं न्हाई. आता मी सांगितलं तर माझ्याच दारात भांडण."

हे वाक्य मला सगळ्या आकडेवारीपेक्षा मोलाचं वाटतं. पहिल्या वेळी फोन करणारी यंत्रणा, म्हणजे मैत्रीण आणि बाई, ही माणसांच्या विश्वासावर उभी होती. लग्न थांबल्यावर पाठपुरावा झाला नाही, म्हणून दुसऱ्या वेळी कुणीच फोन केला नाही. समितीची बैठक झाली की नाही हे तपासणाऱ्याला ही गोष्ट कधीच दिसणार नाही. सह्या तर होत्याच.

वर जाणारा आकडा

बाल हक्कांचा जागतिक करार संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ ला स्वीकारला आणि भारत त्यात ११ डिसेंबर १९९२ ला सामील झाला. कलम ४४ नुसार सहभागी देशाने पहिला अहवाल दोन वर्षांत आणि नंतर दर पाच वर्षांनी द्यायचा असतो. भारताच्या अहवालांची तपासणी जिनिव्हात २०००, २००४ आणि २०१४ मध्ये झाली. २०१४ च्या निरीक्षणांत बालविवाहाच्या कायद्याची अंमलबजावणी हा मुद्दा होता. देशात २००५ च्या कायद्याने बाल हक्क संरक्षण आयोग आले, राष्ट्रीय आयोग २००७ मध्ये सुरू झाला, आणि बाल न्याय अधिनियमाच्या कलम १०९ ने त्या कायद्यावर लक्ष ठेवण्याचं काम राष्ट्रीय आणि राज्य आयोगांकडे दिलं. जिल्ह्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकाऱ्यांची भूमिका वाढली. बाल कल्याण समितीच्या कामाचा तिमाही आढावा त्यांनी घ्यायचा, तिच्याबद्दलच्या तक्रारीही त्यांनी ऐकायच्या. २०१८ मध्ये संपूर्णा बेहुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रिक्त पदं, सामाजिक अंकेक्षण आणि उच्च न्यायालयांची देखरेख यांवर सविस्तर निर्देश दिले. देखरेखीच्या पायऱ्या पुष्कळ आहेत. प्रत्येक पायरी खालच्या पायरीकडून आकडा घेते, आणि तो आकडा सरतेशेवटी गावातल्या वहीतून निघतो.

गावातून वर जाणारा आकडा 'रोखलेले बालविवाह' हा आहे. रोखलेलं लग्न नंतर लागलं तर तो कमी करण्याची सोयच नाही. दुसरीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आहे. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. हा आकडा विश्वासार्ह आहे, पण तो लग्न झाल्यावर कित्येक वर्षांनी कळतो. ही मुलगी वीस वर्षांची होईल तेव्हा, आणि पाहणीत तिचं घर निवडलं गेलं तरच, ती त्यात येईल. एक आकडा फक्त थांबवलेली लग्नं मोजतो, दुसरा कित्येक वर्षांपूर्वी लागलेली. मधली सात महिन्यांची जागा, जिथे काही करता येणं शक्य होतं, तिथे मोजमाप काहीच नाही.

आढाव्याच्या टेबलावर

तारखांचा तक्ता, मुलीची ओळख काढून, आम्ही जिल्हा पातळीवरच्या आढाव्यात ठेवला. सोबत तक्रार जोडली नाही, मागण्या जोडल्या. तक्रार केली की खुलासा येतो आणि फाईल बंद होते, असा या कामातल्या अनेकांचा अनुभव आहे. तक्त्याचा परिणाम वेगळा झाला. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांनी आपापल्या खात्याची अडचण सांगितली : निवडणूक, रिक्त पद, अंतर. त्या अडचणी खऱ्या होत्या. मग आरोग्य खात्यातल्या एका अधिकाऱ्याने विचारलं, अशा थांबवलेल्या लग्नांतल्या इतर मुली आज कुठे आहेत? खोलीत कुणालाच उत्तर देता आलं नाही.

तिथून पुढच्या गोष्टी ठरल्या. थांबवलेल्या प्रत्येक लग्नातल्या मुलीची नोंद ती अठरा पूर्ण करेपर्यंत उघडी ठेवायची आणि दर तिमाहीला तिच्यापुढे एकच माहिती भरायची : कुठे आहे, शाळेत आहे का, शेवटचं तिच्याशी एकटीशी कोण बोललं आणि कधी. हमीपत्र घेतलं तरी मनाई हुकुमासाठी अर्ज करायचा, आणि त्याचं कागदी काम ग्रामसेवकावर न टाकता विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांची मदत घ्यायची. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि मुलांना ही मदत मोफत मिळतेच, फक्त मागितली जात नव्हती. तोडीला जाणाऱ्या कुटुंबातली अशी मुलगी असेल तर ज्या तालुक्यात टोळी उतरते तिथल्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना कळवायचं, आणि सीमेपलीकडची सोयरीक असेल तर पलीकडच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला. ग्राम समितीच्या इतिवृत्तात 'चर्चा झाली' असं न लिहिता किती किशोरींच्या घरी कोण गेलं ते लिहायचं.

यातल्या पहिल्या ठरावाची अंमलबजावणी सुरू झाली आहे. जुन्या नोंदी उघडून मुलींचा शोध घेतला जातोय, काही सापडल्या, शाळेत आहेत. काहींच्या घराला कुलूप आहे. मनाई हुकुमाचा मुद्दा अजून हलत नाही, कारण तालुका न्यायालयाची वाट ग्रामपंचायतीच्या कामात कुणी याआधी धरलेलीच नाही आणि पहिला अर्ज कुणी लिहायचा यावर अडून आहे. ग्रामपंचायतीच्या निधीतून बालकांच्या कामासाठी पाच टक्के राखून ठेवावेत असं मिशन वात्सल्यच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. त्यातून तोडीच्या हंगामात मागे राहणाऱ्या मुलींसाठी रात्रीची सोय आणि एक बाई नेमता येईल, असं आम्ही त्या गावच्या ग्रामसभेत मांडलं. सरपंचबाईंनी विषय पत्रिकेवर घ्यायचं कबूल केलं आहे. माझ्या मते संपूर्ण यादीतली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, कारण आईच्या प्रश्नाला उत्तर देणारी हीच एक आहे.

मुलगी आता सासरी आहे. आम्ही तिला भेटलो ते तिच्या आईच्या मध्यस्थीने, माहेरी आलेली असताना. हे लग्न कायद्याने उभंच राहत नाही, तिला हवं असेल तर तसं न्यायालयाकडून जाहीर करून घेता येईल, निर्वाह आणि राहण्याची सोय मागता येईल, वकिलाला पैसे द्यावे लागणार नाहीत, हे सगळं तिला सावकाश समजावलं. तिने दोन प्रश्न विचारले. हे केलं तर बाबांना तुरुंगात टाकतील का? आणि दहावीचा फॉर्म बाहेरून भरता येतो का?

दुसऱ्याचं उत्तर लगेच देता आलं : सतरा नंबरचा फॉर्म असतो, मुख्याध्यापक मदत करतील. पहिल्याचं उत्तर तितकं सोपं नाही. पालकांवर कारवाई होऊ शकते, आणि तीच भीती मुलींना गप्प बसवते. लग्न रद्द करून घेण्याची वाट आणि गुन्हा नोंदवण्याची वाट वेगळ्या आहेत. पण एका वाटेवर पाऊल टाकल्यावर दुसरी बंद राहील, अशी हमी तिला कुणीच देऊ शकत नाही, आणि आम्हीही दिली नाही. तिच्यावर कसलाही दबाव आणायचा नाही, एवढं आमचं ठरलं आहे. विधी सेवेच्या वकीलबाई पुढच्या वेळी बरोबर येणार आहेत. फॉर्म मुख्याध्यापकांकडे दिला आहे.